व्हायरल आहे, तीन दिवसांत जाईल

गेल्या वर्षी गणपतीत आई आयसीयूत होती हे बऱ्याच जणांना माहितीये. नेमकं काय झालं होतं असं कुणी विचारलं की मी न्यूमोनिया म्हणून मोकळी होते, कारण आरएसव्ही नावाचा व्हायरस, हे खरं नाव सांगितलं की समोरचा म्हणतो अगं ते तर लहान मुलांना होतं ना, आणि मग तिथून पुढं सगळं सांगत बसायचं बळ माझ्यात नसायचं. आता वर्ष झालं, यंदाचे गणपतीही होऊन गेले, म्हणून बसून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

माझं माहेर कराडच्या आत, पाटणच्या बाजूला. आई तेव्हा ६९ ची. शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि दमा आहे, म्हणजे आम्ही दमाच म्हणायचो, पावसाळा आला की आईची छाती वाजते हे घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. बिडीला तिनं जन्मात हात लावला नाही. पण लग्न होऊन आल्यापासून पस्तीस वर्षं चुलीवर स्वयंपाक, स्वयंपाकघराला खिडकी नाही, पावसात ओली लाकडं पेटायची नाहीत, फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल व्हायचे. गॅस आल्यावरही भाकरी चुलीवरचीच. इन्हेलर दिलेला होता तो देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात, फार झालं तरच घ्यायची, रोज घेतला तर सवय लागते असं तिला कुणीतरी सांगितलेलं.

दादाचा मुलगा अडीच वर्षांचा. गणपती बसले ७ सप्टेंबरला, त्याच्या तीन-चार दिवस आधीपासून त्याचं नाक गळत होतं, खोकला होता, रात्री जरा घुरघुर करायचा. अंगणवाडीतल्या निम्म्या पोरांचं तेच चाललेलं. तो आजीच्याच कुशीत झोपतो, आजीच्याच ताटात जेवतो. ८ तारखेला आईला शिंका सुरू झाल्या, ९ ला खोकला. ताप नाही. दादा तिला गावातल्या दवाखान्यात घेऊन गेला, तिथं सांगितलं व्हायरल आहे, सगळीकडं चालू आहे, तीन दिवसांत जाईल. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. आणि खरं सांगते, फोनवर दादानं "व्हायरल आहे" म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं. आपल्याकडं व्हायरल म्हणजे काळजी नसलेला आजार. टायफॉइड नाही, डेंग्यू नाही, नुसतं व्हायरल. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्या आठवड्यात त्यांच्याकडं आलेल्या पेशंटांपैकी बहुतेकांचं खरंच तीन दिवसांत गेलं असणार. पण बहुतेकांचं जातं आणि कुणाचं जात नाही हे आधी ओळखायचं कसं, ते आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी १० ला गौरी आणायच्या दिवशी पोचले. ११ ला पूजा, पुरणपोळ्या. आई चुलीपुढं स्टुलावर बसून पुरण घाटत होती आणि मधेच थांबत होती. दोन शब्द बोलायची, थांबायची, पुढचे दोन शब्द. मी बघितलं. मला दिसत होतं आणि मी मनात म्हटलं दमलीये, चार दिवस राबतेय. हे मला अजून टोचतं. वाक्य एका दमात पुरं होत नसेल तर तो थकवा नसतो, श्वास कमी पडतोय याची ती खूण असते. रात्री ती आडवी झाली नाही, भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर रोवून बसून राहिली. "काय न्हाय, पावसाचा खोकला हाय, झोप तू," म्हणाली.

१२ ला गौरी-गणपती विसर्जन झालं आणि रात्री दोन वाजता वहिनीनं मला हलवून उठवलं. आई उशांचा ढीग करून बसलेली, नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याच्या खाली खड्डा पडत होता प्रत्येक श्वासाला, ओठ काळपट. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता पण त्याचे सेल उतरलेले, टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले. ८२ आलं. आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय. दादानं स्वतःच्या बोटाला लावलं, ९८. परत आईला लावलं, ८१. मग कुणी काही बोललं नाही, गाडी काढली.

कराडच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा उजाडायचं होतं. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावला, वाफ दिली, मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं. त्याला एबीजी म्हणतात आणि ते काढताना फार दुखतं. त्यात कार्बन डायऑक्साइड ६८ आला. नॉर्मल ३५ ते ४५. म्हणजे ऑक्सिजन आत जात नव्हता एवढंच नाही, आतली घाण हवा बाहेरही पडत नव्हती. ती झापड आल्यासारखी करत होती ते त्याच्यामुळं, आणि मला वाटत होतं रात्रभर जागल्यानं गुंगीये. लगेच आयसीयू, बायपॅप. घट्ट मास्क नाकातोंडावर बांधतात आणि मशीन श्वास घेताना जास्त दाबानं हवा ढकलतं, सोडताना कमी दाब ठेवतं. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर टाकायच्या अलीकडची ही पायरी. रेसिडेंट डॉक्टर मुलगी होती, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, तिनं सरळ सांगितलं, "ताई, पुढचे सहा तास बघू. यावर सुधारलं तर ठीक, नाहीतर नळी घालावी लागेल, तुमची तयारी ठेवा." आणि सहीसाठी कागद पुढं केला.

आयसीयूच्या दारावर जो बाक असतो त्या बाकावर मी पुढचे सात दिवस काढले.

पहिल्या दिवशी मी मॉनिटर बघून भांडलेच. ऑक्सिजन ९० दाखवत होता आणि सिस्टर म्हणत होत्या बरोबर आहे. मी म्हटलं कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की पळापळ व्हायची आणि तुम्ही ९० वर गप्प कसे. मग त्याच रेसिडेंटनं समजावलं, की जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन फुफ्फुसं कायमची झिजायचा आजार, असलेल्याला ८८ ते ९२ वरच ठेवतात, ऑक्सिजनचा भडिमार केला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि पेशंट गुंगीतच जातो. आईला सीओपीडी आहे हे मला तिथं कळलं. सरांनी, म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी, राउंडला विचारलं होतं, "आजी बिडी ओढायच्या का?" आणि मास्कच्या आतून आईनं जोरजोरात मान हलवलेली, इतक्या त्रासात पण तिला त्या प्रश्नाचा राग आला होता. मी चुलीचं सांगितलं तर सर म्हणाले हे आम्ही रोज बघतो. नंतर घरी आल्यावर मी वाचलं, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलंय, की सिगरेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यामागं लाकूड, शेणी, काटक्या यांचा धूर हे फार मोठं कारण आहे. आपल्या किती आयांना हा आजार असेल आणि घरात दमा म्हणून सोडून दिलेला असेल.

घशातला स्वॅब पहिल्याच दिवशी घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला, स्वाइन फ्लू निगेटिव्ह, कोविड निगेटिव्ह. आम्ही सगळे बाकावर बसल्या बसल्या अक्षरशः रडलो, वहिनीनं गावाला फोन करून सांगितलं स्वाइन फ्लू नाहीये, देवानं ऐकलं. मी २००९ ला पुण्यात कॉलेजला होते. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, ३ ऑगस्टला, आणि त्यानंतरचे दिवस मला स्पष्ट आठवतात, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा, शाळा-कॉलेजं बंद, थिएटरं बंद, तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी. तेव्हापासून ते नाव ऐकलं की पोटात गोळा येतो. म्हणून निगेटिव्ह म्हणजे सुटलो, असं वाटलं. पण आईत काही फरक नव्हता. सर म्हणाले फ्लू नसला म्हणून व्हायरस नाही असं नाही, मोठं पॅनल करूया, म्हणजे एकदम बरेच जंतू शोधणारी टेस्ट. ते महाग आहे, हजारांत जातं, आणि त्यांनी तसं आधी सांगितलं, जबरदस्ती केली नाही. दादानं हो म्हटलं.

१५ ला त्याचा कागद आला. विसेक जंतूंची नावं एकाखाली एक, सगळ्यांपुढं नॉट डिटेक्टेड, फक्त एका ओळीत डिटेक्टेड. रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. आरएसव्ही.

दादा म्हणाला हे तर बारक्या पोरांना होतं. मी पण तेच म्हटलं. माझ्या मुलीच्या बालरोगतज्ज्ञांकडं त्याचं पोस्टर बघितलेलं. आणि मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघांना एकदमच दादाच्या पोराचं गळणारं नाक आठवलं.

या व्हायरसबद्दल मी नंतर जे जे वाचलं त्यातलं थोडं इथं लिहिते, कारण मराठीत मोठ्या माणसांच्या बाबतीत यावर कुणी बोललेलं मला तरी दिसलं नाही. हा सापडला १९५६ ला अमेरिकेत, सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, पुढच्याच वर्षी लहान बाळांमध्ये पण सापडला आणि मग तो बाळांचा आजार म्हणूनच ओळखला जायला लागला. दोन वर्षांचं होईतोवर जवळपास प्रत्येक मुलाला तो एकदा तरी होऊन जातो. पण गोवरासारखं एकदा झाला की जन्माची सुटका, असं नाही, याची प्रतिकारशक्ती टिकत नाही, आयुष्यभर तो पुन्हा पुन्हा होतो. धडधाकट माणसाला नुसती सर्दी. म्हाताऱ्या माणसाला, ज्याची फुफ्फुसं आधीच झिजलीयत, हृदय कमजोर आहे, त्याला तो खाली छातीत उतरतो. आणि मोठ्यांत बऱ्याचदा तापच येत नाही किंवा अगदी बारीक येतो, म्हणून घरच्यांना वाटतं ताप नाही म्हणजे काही विशेष नाही. आम्हाला तेच वाटलं होतं. शिवाय मोठ्यांच्या नाकाघशात या व्हायरसचं प्रमाण मुलांपेक्षा कमी असतं, त्यामुळं झटपट पट्टीवाल्या टेस्टमध्ये तो निसटतो, पीसीआरच करावी लागते. पीसीआर कुणी करत नाही म्हणून सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून सगळ्यांना वाटतं मोठ्यांना होतच नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला अ‍ॅन फॉल्सी आणि एडवर्ड वॉल्श या डॉक्टरांनी चार हिवाळे म्हाताऱ्या माणसांवर आणि हृदय-फुफ्फुसाच्या पेशंटांवर लक्ष ठेवलं होतं, २००५ ला ते छापून आलं. हॉस्पिटलात भरती झालेल्यांमध्ये आरएसव्हीचे १५ टक्के आयसीयूत गेले आणि फ्लूचे १२ टक्के. मृत्यू ८ टक्के आणि ७ टक्के. म्हणजे ज्या फ्लूला आपण घाबरतो त्याच्या बरोबरीचा. पुढं २०२३ मध्ये तिथल्या सीडीसीनं, म्हणजे साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २० राज्यांतल्या हॉस्पिटलांमधल्या साठीपुढच्या ५,७८४ पेशंटांचा हिशोब दिला. त्यात कोविडचे ४,७३४, फ्लूचे ७४६ आणि आरएसव्हीचे फक्त ३०४, पण त्या ३०४ जणांना ऑक्सिजन आणि आयसीयू लागायचं प्रमाण बाकी दोघांपेक्षा जास्त. हे आकडे मी रात्री दोन वाजता फोनवर वाचले आणि मला कसंतरी बरं वाटलं. निदान आईला जे झालंय ते काही विचित्र, कुणालाच न होणारं नाहीये.

औषध काय, असं मी सरांना विचारलं. फ्लूला टॅमिफ्लू आहे तसं याला नेहमीच्या वापरातलं औषध नाही, असं ते म्हणाले. श्वासाला आधार द्यायचा, छाती मोकळी ठेवायची, दुसरा जंतू वर चढू द्यायचा नाही, आणि शरीराला वेळ द्यायचा. मग अँटिबायोटिक कशाला चालू आहेत? तर व्हायरसनं खरवडलेल्या फुफ्फुसात बॅक्टेरिया घुसतात म्हणून सुरुवातीला द्यावीच लागतात. पण प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असलं की वाढणारी रक्तातली एक गोष्ट, कमी आलं, कफाचं कल्चर स्वच्छ आलं, तेव्हा दोनातलं एक त्यांनी स्वतःहून बंद केलं, ते मला आवडलं. श्वासनळ्यांसाठी स्टेरॉइड पाच दिवस. त्यानं आईची शुगर ३८० वर गेली, मग इन्सुलिन.

मास्कमुळं बोलता येत नव्हतं. नाकाच्या दांड्यावर जखम झाली, सिस्टर त्यावर पट्टी लावून परत मास्क बांधायच्या, आई हातानं ओढून काढायची. दादानं नातवाची ती खोडता येणारी मॅजिक पाटी आणली तिला लिहायला. सिस्टरनं दारातच थांबवलं आणि स्पिरिटनं दोनदा पुसून मग आत नेऊ दिली, म्हणाल्या हा व्हायरस कडक पृष्ठभागांवर तासन् तास राहतो, पाटी, कॉटचे गज, दाराची कडी, त्यामुळं हात धुणं इथं औषधाइतकंच महत्त्वाचं. आईनं पाटीवर पहिलं काय लिहिलं तर "घरी", आणि त्याखाली "पोरगं कसं हाय". पोरगं मस्त होतं, तीन दिवसांत बरं झालं होतं.

तिसऱ्या का चौथ्या रात्री तिला भास व्हायला लागले. माळ्यावरची लाकडं काढा, भिजतील, असं मास्कच्या आतून ओरडायची. आजी, म्हणजे तिची सासू, जाऊन वीस वर्षं झालीयत, ती पायथ्याशी उभी आहे म्हणायची. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. सिस्टर म्हणाल्या आयसीयूत म्हाताऱ्या माणसांचं असं फार होतं, दिवसरात्र लाइट चालू, झोप नाही, घड्याळ नाही, माणूस दिशा चुकतं. त्यांनी मला वेळेच्या बाहेर दहा मिनिटं आत सोडलं, आईला चष्मा लावला, आज कुठला वार, कुठं आहेस, कोण आलंय हे सांगत बस म्हणाल्या. मी सांगत बसले. सोमवार आहे आई, कराडात आहेस, मी आहे.

त्याच रात्री हृदयाचे ठोके बिघडले. मॉनिटर १५० च्या वर, आणि ताल नाही, वेडेवाकडे. एट्रियल फिब्रिलेशन. आईला आधी हृदयाचं काहीही नव्हतं. हृदयाचे डॉक्टर आले, इको केला, औषध चालू केलं, आणि जाताना म्हणाले या इन्फेक्शनांत आम्हाला बोलावणं येतंच. याच्यावर कॅनडातल्या ओंटारियोचा एक अभ्यास आहे, २०१८ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेला. त्यात फ्लू पक्का झाल्यावरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका एरवीच्या सहापट निघाला आणि आरएसव्हीनंतर साडेतीनपट. छातीतल्या इन्फेक्शनची सूज सगळ्या अंगभर जाते, रक्त घट्ट होतं, हृदयाला कमी ऑक्सिजनवर जास्त पळावं लागतं. सर्दीखोकल्यानंतर आठवड्याभरात अमुक काका अटॅकनं गेले, असं आपण ऐकतो आणि दोन वेगळ्या गोष्टी समजतो.

आता शेजारच्या बेडचं लिहिते. त्यांच्याबद्दल लिहायचं का नाही याचा मी बराच विचार केला. नाव-गाव काही लिहीत नाही. आईच्या पलीकडं एक गृहस्थ होते, पन्नाशीच्या आतले, त्यांची बायको माझ्याच बाकावर. त्यांना स्वाइन फ्लू होता. सहा दिवस ताप अंगावर काढला, मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, कामाचे दिवस होते, रजा नव्हती. सातव्या दिवशी दम लागला तेव्हा आणलं आणि तेव्हा टॅमिफ्लू सुरू झालं. हे औषध पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त काम करतं. हॉस्पिटलात भरती झालेल्याला उशीर झाला तरी देतातच, पण तोवर फुफ्फुसाचं बरंच नुकसान झालेलं असतं. त्यांना नळी घातलेली, दिवसातले सोळा-सोळा तास पोटावर पालथं झोपवायचे. त्यांना फक्त शुगर होती, बाकी काही नाही. सरकारी नियमातसुद्धा हे आहे, की शुगर, दमा, हृदयविकार, गरोदरपण, ६५ च्या पुढचं वय अशा लोकांना फ्लूची लक्षणं असतील तर टेस्टची वाट न बघता औषध सुरू करावं. हे त्या बाईंना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. त्या मला डब्यातली चपाती द्यायच्या, मी त्यांना चहा आणायचे. १७ ला अनंत चतुर्दशी, खाली रस्त्यावरून मिरवणुका चाललेल्या, ढोल आयसीयूच्या काचेपर्यंत ऐकू येत होते, आणि त्या बाई कानांवर हात ठेवून बसलेल्या. १८ ला पहाटे ते गेले. आतून "नातेवाईक कोण?" अशी हाक आली आणि दोघी उठलो. हाक त्यांच्यासाठी होती. मला त्या क्षणी जे हलकं वाटलं त्याची लाज अजून वाटते.

आईचा बायपॅप त्याच दिवसापासून कमी होत गेला, आधी जेवणापुरता काढायचे, मग दिवसा काढायचे, मग फक्त रात्री लावायचे. २० ला वॉर्डात आणलं. आणि वॉर्डात जे बघितलं त्यानं मी चिडले. एकेका पेशंटला बघायला पाच-सहा माणसं, त्यातली दोन खोकतायत, लहान पोरं कॉटवर चढतायत, शेजारी ऑक्सिजनवरचा पेशंट. आपल्याकडं भेटायला न जाणं म्हणजे नातं तोडणं, हे मला कळतं, मी त्याच घरातली आहे. तरी मी दारात उभी राहून आमच्या चुलत्यांना परत पाठवलं, त्यांना सर्दी होती. ते आजवर माझ्याशी नीट बोलत नाहीत. चालेल मला. आईच्या कॉटला मी सॅनिटायझरची बाटली दोरीनं बांधली होती आणि वॉर्डातल्या मावशींनी ती बघून आणखी दोन कॉटना बांधली.

२४ ला डिस्चार्ज. बरी होऊन घरी आली असं सगळे म्हणाले, पण घरी आली ती वेगळीच बाई होती. संडासातून उठायला दोघांचा आधार लागायचा, मांड्या निम्म्या झालेल्या. सव्वा महिना ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं आणून घरात ठेवलं, लाइट गेली की सगळ्यांचा जीव टांगणीला. फिजिओथेरपिस्टनं दिलेलं ते तीन बॉलचं श्वासाचं यंत्र, पहिला बॉलच हलायचा नाही, दिवाळीत दुसरा हलला. मी रजा संपवून पुण्याला परतले तेव्हा बिनपगारी अकरा दिवस झालेले. आयसीयूतून सुटल्यावरच्या या दोन-तीन महिन्यांबद्दल कुणीच आधी सांगत नाही, आणि खरी सेवा तिथंच लागते, ती सगळी वहिनीनं केली, हे मला इथं लिहून ठेवायचंय.

जानेवारीत टीव्हीवर एचएमपीव्हीचा, म्हणजे सर्दीखोकल्याच्याच आणखी एका व्हायरसचा, गोंधळ सुरू झाला, चीनचा नवा व्हायरस म्हणून ग्रुपवर मेसेज फिरायला लागले. मी आईची फाइल काढून बघितली, सप्टेंबरच्या त्याच कागदावर आरएसव्हीच्या वर दोन-चार ओळी सोडून तेच नाव छापलेलं होतं, नॉट डिटेक्टेड. २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये सापडलेला व्हायरस आहे तो, नवा कसला. मी ग्रुपवर त्या कागदाचा फोटो टाकला. भीती नको तिथं वाटते आणि घरातली म्हातारी बाई चुलीपुढं दोन-दोन शब्द बोलते तेव्हा वाटत नाही.

घरात आता काय बदललं ते सांगते. चूल बंद, म्हणजे आईनं महिनाभर अबोला धरला पण बंद. इन्हेलर रोज, स्पेसर म्हणजे ती पुढं जोडायची नळी लावून, आणि सवय-बिवय काही लागत नाही. मेमध्ये, पावसाच्या आधी, आईनं आणि घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, थंडीत पण एक लाट येते, म्हणून जूनच्या आधी घेतलेली बरी पडते, आणि ती दरवर्षी घ्यायची असते कारण व्हायरस बदलतो आणि लसही बदलते. न्यूमोकॉकलची, म्हणजे न्यूमोनियाच्या एका बॅक्टेरियावरची, पण घेतली. आरएसव्हीवर साठीपुढच्या लोकांसाठी लस २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत मंजूर झाली, कित्येक वर्षं शोधत होते, आता आहे, छातीच्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोलून घ्या. ऑक्सिमीटरचे सेल मी दर महिन्याला बदलायला लावते. आणि आईला काही झालं की पहिल्याच दिवशी "हिला सीओपीडी आणि शुगर आहे, स्वॅब करायचा का?" हा प्रश्न दादा स्वतःहून विचारतो.

नातवाला दोष द्यायचा नाही हे आईनं वॉर्डात असतानाच सगळ्यांना बजावलेलं. वहिनी मात्र बरेच दिवस मनात धरून होती, पोराला शिंक आली तरी त्याला उचलून दुसऱ्या खोलीत न्यायची आणि ते पोरगं दारावर थापा मारून आज्जी आज्जी करत रडायचं. यंदा गणपती २७ ऑगस्टला बसले, मी आदल्या दिवशीच पोचले. पोराचं नाक गळत होतं. वहिनी त्याला आत न्यायला लागली तर आई म्हणाली, "र्‍हाऊ दे त्याला हितंच." उठून कोनाड्यातला मास्क घेतला, दोन्ही कानांना नीट अडकवला, नाकावर दाबला, खिडकी सताड उघडली आणि खिडकीशी बसून म्हणाली, "ये रं. तिकडं तोंड करून बस."